सुकू दे, मग बघू

रोज सकाळी साडेआठला मला लातूरहून एक फोन येतो. मी तेव्हा नांदेडात ऑफिसला निघायच्या गडबडीत असतो, एक मोजा पायात आणि एक हातात. पलीकडचा माणूस हॅलो म्हणत नाही, कसा आहेस विचारत नाही. थेट सांगायलाच लागतो.

"लिही. शाळेमागची गल्ली, दोन खांब आडवे, परवापर्यंत. दर्ग्याकडची पूर्ण बंद, आजच्या दिवस. भांडेवाल्याच्या बोळातला काढला. झालं. ठेवू?"

मी "हाव चाचा" म्हणेपर्यंत फोन ठेवलेला असतो. मग मी मोबाईलवर तीन ठिकाणी बोट लावून नोंद करतो आणि दुसरा मोजा घालतो. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीची कित्येक महिने अशी समजूत होती की माझा मंडप-डेकोरेशनचा जोडधंदा आहे. भावाच्या लग्नाचा भाव काढायला ती माझ्याकडं आली, तेव्हा मला सगळं सांगणं भाग पडलं. मी पूर्वी फायरमन होतो यावर तिचा विश्वास बसला नाही. माझ्या पोटाकडं बघून तिनं विषय बदलला.

फोन करणारे चाचा लातूरला आमच्या आगीच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आता रिटायर झालेत, म्हणजे कागदोपत्री. साहेबांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. मूळचे उदगीरचे. बुटके, जाड चष्मा, आणि कमरेला पट्ट्याच्या वर एक सुती दोरी गुंडाळलेली. मी नोकरीला लागलो त्या दिवशी मला वाटलं, या माणसाचा पट्टा तुटला असेल. तीन वर्षं झाली तरी तो काही दुरुस्त झाला नाही.

त्या दोरीला दोन गाठी होत्या. पहिली गाठ गाडीच्या रुंदीची. दुसरी गाठ गाडीची दोन्ही दारं उघडल्यावर होणाऱ्या रुंदीची. चाचा म्हणायचे, "पहिली गाठ गाडीची, दुसरी आपली. गाडी आत घुसली अन् माणसाला उतरताच आलं न्हाई, तर काय काचेतून फुंकर मारायची का?"

सुटीच्या दिवशी माणसं सिनेमाला जातात, सासुरवाडीला जातात. चाचा गल्ल्या मोजायला जायचे. कुणी दुकानाची पायरी पुढं काढलेली दिसली की ते भांडत नसत, नोटिशीची भाषा करत नसत. दोरी सोडायचे आणि मालकाला अदबीनं म्हणायचे, "शेठ, जरा हे टोक धरता का?" शेठ बिचारा टोक धरून उभा राहायचा. चाचा समोरच्या भिंतीपर्यंत जायचे, दोरी ताणायचे आणि काहीच न बोलता गाठीकडं बघत राहायचे. दोरी भिंतीला टेकली तरी गाठ हातभर खाली लोंबत असायची, म्हणजे गल्ली गाडीला तेवढी कमी. शेठही बघायचा. मग चाचा म्हणायचे, "शुक्रिया," दोरी गुंडाळायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे. एका किराणावाल्यानं तिसऱ्यांदा टोक धरल्यावर स्वतःच गवंडी बोलावला. महापालिकेनं दहा वर्षं केलं नसतं ते चाचांनी एका दोरीत केलं.

चहाचंही त्यांचं असंच. गरम चहा ते पीत नसत. चहा आला की बशी झाकून ठेवायचे आणि साय धरेपर्यंत त्याच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. "गरम चहा दिसला की कुठंतरी आग लागती," असा त्यांचा सिद्धांत होता. आम्ही हसायचो आणि भाजत का होईना घटाघट प्यायचो. आणि खरं सांगतो, घंटा नेमकी तेव्हाच व्हायची.

आग विझली असं चाचांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "झोपली." विशेषतः कापसाची. कापसाची आग वरून शांत दिसते आणि आत धुमसत राहते. त्यामुळं सगळे परतायला निघाले तरी चाचा ढिगाऱ्याजवळ उकिडवे बसून राहायचे, हात पुढं करून, कुणाच्या तापाचा अंदाज घ्यावा तसे.

पण त्यांचं खरं वेड निराळं होतं. आगीवरून परत आलं की भिजलेल्या कॅनव्हासच्या नळ्या धुऊन आमच्या उंच टॉवरवर टांगायच्या असतात, दोन-तीन दिवस. ओली नळी गुंडाळून ठेवली तर आतून कुजते आणि पुढच्या वेळी ऐन पाण्याच्या जोरात फाटते. हे सगळ्याच केंद्रांत शिकवतात. चाचांनी मात्र ते नळीपुरतं ठेवलं नव्हतं. दोन फायरमन भांडले, तर चाचांनी दोघांच्या टोप्या काढून घेतल्या आणि टॉवरवर नळ्यांच्या शेजारी चिमट्यानं लटकावल्या. "सुकू दे, मग बघू." संध्याकाळी दोघं वर बघत एकत्र उभे होते, खाली कशा काढायच्या याचा विचार करत. साहेबांनी एकदा चाचांनाच मेमो दिला, तोही टॉवरवर गेला. साहेबांनी खिडकीतून आपली सही वाऱ्यावर फडफडताना बघितली. आठवडाभरानं ते म्हणाले, "चाचा, काढा तो. मी जरा तापलोच होतो." टॉवरवर कधीकधी कापडाच्या दुकानापेक्षा जास्त माल असायचा.

अशा माणसाच्या हाताखाली मी पडलो, आणि माझं एक भलतंच प्रकरण होतं. मी लोह्याकडचा. आमची घरची शेती, बापानं पोराला नांदेडला कॉम्प्युटर शिकायला ठेवलं. डिग्री झाली, नोकरी काही मिळेना, म्हणून भरतीचा फॉर्म भरला आणि पळण्यात चांगला असल्यामुळं फायरमन झालो. गावात पेढे वाटले. सरकारी नोकरी, वर खाकी, बापाची छाती दोन इंच वाढली. बायकोची मात्र झोप उडाली. कुठंही घंटा वाजली, अगदी शाळेची, तरी ती दचकायची. आणि मी? मला गाडीवर उभं राहायला आवडायचं, माणसं आवडायची, पण ड्युटी संपली की मी लॅपटॉप उघडून बसायचो. तेवढ्यात नांदेडच्या एका मित्रानं बोलावलं. त्याची छोटी कंपनी होती, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. "दोन-तीन महिन्यांत सांग," म्हणाला. बाप म्हणत होता, सरकारी सोडशील तर घरी येऊ नको. बायको म्हणत होती, जाऊ या. मी दोघांनाही "हाव" म्हणत होतो.

चाचांना मी काही सांगितलं नव्हतं. पण मी काय करतो ते त्यांना कळायचं. एकदा माझ्यामागं येऊन उभे राहिले. स्क्रीनवर वरून काढलेला लातूरचा फोटो होता.

"काय करून राहिलास बेटा?"

"चाचा, तुमच्या सगळ्या गल्ल्या ह्याच्यात टाकून राहिलो. पत्ता टाकला की गाडीचा रस्ता दाखवंल."

चाचा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "वरून दिसतंय होय सगळं? मग ह्याला विचार, तेल्याच्या बोळात म्हैस बांधली का आज."

"तसं न्हाई सांगत ते."

"मग कामून विचारायचं त्याला?"

मी हसलो. पण त्यांनी दोरी सोडली आणि पुढचा महिनाभर मला सगळ्या गल्ल्यांची मापं लिहून दिली. एकेक. गाठीसकट.

मापांखेरीज चाचांकडं एक फळा होता. लग्नसराईत आमच्याकडं मांडव दारातच पडतो, आणि दार म्हणजे रस्ता. त्यामुळं चाचा रोज सकाळी शहरातल्या चारही मोठ्या मंडपवाल्यांना फोन करायचे. "आज कुठं ठोकलास?" एवढाच प्रश्न. मग खडूनं फळ्यावर लिहायचे. अक्षर असं की मुंग्या शाईत पडून चालल्यात. मला तो फळा डोळ्यांसमोर नको व्हायचा.

चाचा भाचीच्या लग्नाला उदगीरला गेले. जाताना संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाचे मांडव लिहून गेले. मी सकाळी आलो, तेव्हा माझ्या हातात एक नवीकोरी चीज होती: सगळ्या गल्ल्यांचा रंगीत नकाशा, मोठ्या कागदावर छापलेला. रुंद गल्ल्या हिरव्या, अरुंद लाल. तो लावायला भिंतीवर एकच चांगली जागा होती. मी ओलं फडकं घेतलं, फळा स्वच्छ पुसला आणि त्यावर माझा नकाशा चिकटवला. लांब उभा राहून बघितलं. फार देखणा दिसत होता. स्वतःवर खूश होण्याची माझी ती शेवटची वेळ.

दुपारी घंटा झाली. जुन्या भागात गादीवाल्या मामूंच्या दुकानाला आग लागली होती. गाडीवर दुसरे ड्रायव्हर होते, शेजारी मी मोबाईल धरून. "डावीकडं घ्या," मी म्हणालो. "हिरवी हाय. दुसऱ्या गाठीएवढी." गाडी डावीकडं वळली, पन्नास पावलं गेली, आणि समोर मांडव. पंगत बसलेली. खांब दोन्ही भिंतींना बांधलेले. नवरदेवाचा बाप हात जोडून पुढं आला, त्याला वाटलं आम्ही वर्गणी मागायला आलो. मागं बघावं तर वऱ्हाडाच्या मोटारसायकली. एकेक बाजूला करत, माणसं शोधत, किल्ल्या मागत आम्ही मागं सरकलो आणि लाल दाखवलेल्या दुसऱ्या गल्लीनं अंग चोरून गेलो. मांडवाची गल्ली चाचांनी फळ्यावर लिहिली असणार, हे मला मांडवात उभं राहूनच समजलं होतं.

माणूस कुणी सापडला नाही, तेवढी देवाची कृपा. पण मामूंचं दुकान गेलं. कापूस गेला, आणि त्यांचं कापूस पिंजायचं यंत्र गेलं, बापाच्या हातचं. चाकं काळी पडून वाकली होती. मामू ओट्यावर बसून होते. मी पुढं गेलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पाणी तर आणलंत बेटा, आणलंच की." मला त्यांच्याकडं बघवेना.

संध्याकाळी मी राजीनामा लिहिला. चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी बुंदीचा डबा घेऊन आले, कालची हकीकत त्यांना स्टँडवरच समजली होती. साहेब बाहेरगावी होते, म्हणून मी कागद चाचांच्याच हातात दिला. "साहेब आले की द्या." त्यांनी तो वाचला. मग पुसलेल्या फळ्यावरच्या माझ्या नकाशाकडं बघितलं. मला वाटलं आता बोलतील. ते बाहेर पडले. त्यांचा गुडघा दुखायचा, तरी ते टॉवरच्या लोखंडी शिडीवर एकेक पायरी थांबत चढले आणि कालच्या ओल्या नळ्यांच्या मध्ये माझा राजीनामा चिमट्यानं लावून खाली आले.

"चाचा, मला खरंच जायचंय. नांदेडला नोकरी हाय, कॉम्प्युटरची."

"जा की. कोण अडवून राहिलंय?" ते धापा टाकत म्हणाले. "पण हा कागद ओला हाय. सुकू दे, मग बघू."

मला संताप आला. माझं सगळं आयुष्य पणाला लागलेलं, आणि हा माणूस टोप्यांच्या रांगेत माझा कागद टांगतो! पण वर चढून तो काढायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून चाचांनी मला एक काम लावलं. सकाळी चार मंडपवाल्यांना फोन मी करायचे, फळ्यावर मी लिहायचं. नकाशा फेकू दिला नाही, "चांगला हाय, बाजूला लाव," म्हणाले. दुपारी आम्ही मामूंच्या दुकानात जायचो, जळकं उचलायला. चाचा कापसाच्या ढिगाशी उकिडवे बसायचे, तळवा पुढं करून. चौथ्या दिवशी म्हणाले, "आता झोपली." माझ्या आतली काही झोपत नव्हती. मामूंची म्हातारी आम्हाला पाणी द्यायची आणि मी पेला तसाच भरलेला परत ठेवायचो.

मग मला सुचलं, मांडव नकाशातच का नाही टाकायचा? फोन केला की बोट लावायचं, ती गल्ली त्या दिवसापुरती काळी. मी लिहायला बसलो. चाचा शेजारी खुर्ची ओढून बसले, आणि काय काय विचारायला लागले! मांडव संध्याकाळी काढतो म्हणाला आणि काढलाच नाही तर? अर्धीच गल्ली अडवली असेल तर? पुरुषभर उंच कमान असेल आणि गाडी उंच असेल तर? मी इतक्या दिवसांत चार चांगले प्रोग्रॅमर बघितलेत, पण असे प्रश्न कुणी विचारले नाहीत. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. जेवणसुद्धा लॅपटॉपजवळ.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा म्हणाले, "बेटा, तुझा चहा बघ."

मी बघितलं. कपावर जाड साय धरली होती. कधी आणून ठेवला होता मला माहीत नव्हतं.

"तीन वर्षं गाडीवर तू माझ्यापुढं चहा भाजून प्यायलास," चाचा म्हणाले. "मी किती सांगितलं, थंड कर, थंड कर. कधी केला न्हाईस. ह्याच्यापुढं आपोआप करून राहिलास." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला समजलं. तुला समजलं का?"

मला समजलं. आणि समजलं म्हणून वाईटही वाटलं, कारण तीन वर्षांत मला या माणसाचा लळा लागला होता.

बापाचा प्रश्न उरला होता. चाचांनी माझ्याच फोनवरून गावाकडं फोन लावला. दहा मिनिटं सोयाबीनवर बोलले, पाच मिनिटं म्हशीच्या आजारावर. मला वाटलं मुद्दा राहिलाच. शेवटी म्हणाले, "अन् हे बघा पाटील, पोरगं तुमचं पळून न्हाई चाललं. चालत चाललंय. फरक असतो." बापानं पलीकडून काय म्हटलं कुणास ठाऊक. संध्याकाळी मला म्हणाला, "चाचा म्हणतेत तर जा. पण खाकी कपडे घरी आणून ठेव."

पंधराव्या दिवशी चाचा टॉवरवर चढले आणि माझा कागद खाली घेऊन आले. उन्हानं पिवळा पडला होता, कडा वळल्या होत्या. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"वाच. मोठ्यानं."

मी वाचायला लागलो. 'मी या कामास लायक नाही. माझ्यामुळे एका गरीब माणसाचे दुकान जळाले. मला या गाडीवर उभे राहण्याचा अधिकार नाही...' चाचांनी मध्येच थांबवलं.

"खरं हाय का हे?"

मी विचार केला. पंधरा दिवसांपूर्वी मी छातीठोक हो म्हटलं असतं. "चूक माझीच हाय चाचा. फळा मी पुसला. पण लायक न्हाई, हे... हे खरं न्हाई."

"मग खोटा कागद साहेबाला देऊन चालला होतास? जन्मभर कुणी विचारलं, नोकरी कामून सोडली, तर हेच सांगत बसला असतास. अन् तिथं कॉम्प्युटरपुढं बसून रोज मामूचं दुकान जाळलं असतंस." त्यांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. "दुसरा लिही. खरा लिही."

मी तिथंच फळ्याखाली बसून लिहिलं. फार वेळ लागला नाही. 'मला संगणकाचे काम मनापासून आवडते. तेच करायला मी जात आहे. इथे जे शिकलो ते सोबत नेत आहे, आणि मांडवांची नोंद मी जिथे असेन तिथून करत राहीन.' राजीनाम्यात अशी वाक्यं लिहीत नाहीत, हे मला ठाऊक होतं. साहेबांनी नंतर तो फायलीला लावताना डोकं खाजवलंच.

चाचांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि ओळीवर बोट ठेवत वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग घडी घातली. मी टॉवरकडं बघितलं. तिथं त्या दिवशी फक्त नळ्या होत्या आणि एक रिकामा चिमटा.

"चाचा, सुकवायचा न्हाई का?"

"कामून?" ते म्हणाले. "हा कोरडाच हाय."

आणि ते साहेबांच्या खोलीकडं चालू लागले. कागद कोरडा होता हे खरं. मी नव्हतो. आणि पाठमोऱ्या चाचांची बाही दारापर्यंत दोनदा चष्म्याखाली गेली, त्या अर्थी तेही नसावेत.